छातीवरचे शब्द

स्वतंत्र वस्त्ररचनाकार लोकप्रिय गोष्टींची नक्कल करून पोट भरतात, हा आरोप ब्रिटिश डिझायनर कॅथरीन हॅम्नेट यांच्यापुढे टिकत नाही. 1983 पासून त्यांनी साध्या टी-शर्टवर मोठ्या, ठळक अक्षरांत घोषणा छापल्या. 1984 मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या स्वागतसमारंभाला त्या पर्शिंग क्षेपणास्त्रं 58 टक्के लोकांना नकोत, असं सांगणारा टी-शर्ट घालून गेल्या. त्याच वर्षी ‘वॅम!’ या पॉप बँडच्या व्हिडिओत त्यांचा ‘चूझ लाइफ’ टी-शर्ट झळकला. घोषणा हॅम्नेट यांची. ती घरोघरी नेली पॉप संगीतानं.

घोषणेनं जग बदलत नाही, उलट घोषणाच विकाऊ होते, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. ‘चूझ लाइफ’ टी-शर्टच्या असंख्य नकला निघाल्या. पण हॅम्नेट घोषणेपाशी थांबल्या नाहीत. 1989 मध्ये कापूस पिकवताना माणसांची आणि जमिनीची किती हानी होते, हे कळल्यावर त्यांनी सेंद्रिय कापसाचा आग्रह धरला. हे काम घोषणा छापण्याहून कितीतरी अवघड, आणि माझ्या मते मोठं. ही हानी आपल्याकडेही दिसली: 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर विषबाधेनं दगावले. टी-शर्ट घेताना त्यावरच्या मजकुराबरोबर त्याचा कापूस कसा पिकला, हेही दुकानदाराला विचारा.