नकाशा कपाटात आहे का?

घर घ्यायचं ठरलं की आपण पाण्याची वेळ विचारतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते चालून बघतो, देवघर कुठे बसेल याचा वाद घालतो. नकाशा मात्र समोर ठेवतील तो पाहतो. रंगीत, सोफा नि कुंड्या काढलेला. तो नकाशा नव्हे, ती जाहिरात.

बँकेत गृहकर्जाचं टेबल सांभाळताना खरे नकाशे माझ्या हाताखालून गेले. शिक्का मारलेली ती जाड घडी उलगडली की उग्र वास यायचा, कारण तेव्हा प्रती अमोनियाच्या वाफेवर निघत. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असे: प्रमाण, तारीख, क्रमांक आणि दुरुस्ती कितवी. जोतं झालं, स्लॅब पडला की आम्ही कर्जाचा पुढला हप्ता सोडत असू. ‘दुरुस्ती कितवी’ या रकान्याचं मोल मला पटलं ते मात्र निवृत्तीनंतर, एका अपघाताची हकिकत वाचताना.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला हयात रिजन्सी नावाचं हॉटेल १९८० साली सुरू झालं. त्याच्या उंच दालनात छताला सळ्यांनी टांगलेले पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल बरोबर चौथ्या मजल्याच्या पुलाखाली होता. मूळ आराखड्यात एकच लांब सळई छतापासून दोन्ही पुलांतून खाली जाणार होती. काम सोपं व्हावं म्हणून तिच्या दोन सळया झाल्या. वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला.

फरक कळायला इंजिनीयर व्हायला नको. आढ्याच्या एकाच दोरीला गाठी मारून वरखाली दोन मडकी बांधा, प्रत्येक गाठीवर आपल्याच मडक्याचा भार येईल. खालचं मडकं वरच्याच्या काठाला अडकवलंत, तर वरच्या गाठीवर दोघांचा भार. मुळातला जोडही नियमांपेक्षा दुबळा होता, त्यात हे ओझं दुप्पट झालं. बदललेल्या ड्रॉइंगवर तपासल्याचा शिक्का पडला, पण नव्याने आकडेमोड झाली नाही. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, खाली नृत्याचा कार्यक्रम रंगात असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली.

हे इतक्या लांबचं का सांगतोय? धाकट्या बहिणीच्या दादरच्या इमारतीने तिशी ओलांडली. मुंबईत अशा इमारतीची तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. इंजिनीयर आले आणि त्यांनी पहिल्यांदा आरसीसीची ड्रॉइंग मागितली. मंजूर नकाशा सापडला, पण त्यात खोल्या नि खिडक्या दिसतात. खांबात सळ्या किती नि केवढ्या जाडीच्या, ते आरसीसीच्या ड्रॉइंगमध्येच असतं. सभांची इतिवृत्तं सगळी होती, हे कागद मात्र बिल्डरने कधी दिलेच नव्हते. शेवटी प्लास्टर फोडून सळ्या उघड्या केल्या, काँक्रीटचे नमुने कापून काढले. तपासणीचा खर्च वाढला आणि जिन्याखालच्या खांबाबद्दल निश्चित सांगता येईपर्यंत तळमजल्यावरच्या आजींना लेकीकडे राहावं लागलं.

कायद्याने आपली बाजू घेतलेली नाही, असंही नाही. ग्राहकांना दाखवलेला नकाशा त्यांच्या संमतीशिवाय बदलू नये, हे महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यानेच सांगितलं. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार भोगवटा प्रमाणपत्रानंतर कागदपत्रं नि नकाशे सोसायटीच्या स्वाधीन करावे लागतात. स्थानिक कायद्यात वेगळी मुदत नसेल, तर ३० दिवसांत. बांधणीत दोष निघाला, तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो बिल्डरने भरून द्यायचा आहे. पण मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही म्हणतात, मग बिल्डर कुठला वाढायला!

तेव्हा वाचकहो, पुढच्या सर्वसाधारण सभेत गाड्यांच्या जागेवरून भांडण पेटण्याआधी सेक्रेटरींना एवढंच विचारा: मंजूर नकाशा, आरसीसीची ड्रॉइंग, पाण्याच्या व ड्रेनेजच्या लायनींची ड्रॉइंग आपल्याकडे आहेत का? आणि असतील, तर ती इमारत प्रत्यक्षात बांधली तशी आहेत, की मध्येच बदल झाले? शेवटची दुरुस्ती कितवी ते पाहा. एक संच कपाटात ठेवा, दुसरा दुसऱ्या कुणाच्या घरी. आपल्यानंतर त्या घरात राहणाऱ्या नातवंडांना कधीतरी भिंत पाडावीशी वाटेल. ती पाडण्याजोगी आहे की नाही, हे त्यांना सांगायला तेव्हा तो कागदच असेल.