घरची सुतारशाळा आणि बर्मिंगहॅमची अवजारे

घरच्या सुतारशाळेला चार गोष्टी पुरतात: अचूक माप, लाकूड घट्ट धरणारे टेबल, धारदार पात्याचा रंधा आणि जोड पक्का करणारा स्क्रू. विजेवर चालणारी यंत्रे त्यानंतर येतात. या चारांपैकी माप, रंधा आणि स्क्रू जगभरच्या घरांत पोहोचवण्यात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा वाटा मोठा आहे.

‘हजार धंद्यांचे शहर’ ही बर्मिंगहॅमची जुनी ओळख आहे. येथे घर आणि कारखाना यांच्यात फारशी भिंत नव्हती. हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांचा ‘कोर्ट 15’ नावाचा समूह जतन केला आहे. 2004 पासून तो लोकांना पाहता येतो. एकाच अंगणाभोवतीच्या या अरुंद घरांत कधी घड्याळजी, कधी काचेचे डोळे बनवणारा, तर कधी कुलूपवाला राहून आपले काम करत असे. थोड्या जागेत, हातापुरत्या अवजारांनी नेमके काम करायची शहराची सवय अशा घरांतून घडली.

सुरुवात मापापासून होते. 1784 मध्ये सुरू झालेल्या रेबोन घराण्याच्या कारखान्याची बॉक्सवूडची घडीची पट्टी दीर्घकाळ इंग्रजी सुताराच्या खिशात असे. दोन फुटांची ही पट्टी चार भागांत दुमडली की सहा इंचांची होते. बॉक्सवूड अतिशय घट्ट, बारीक पोताचे लाकूड असल्याने त्यावर बारीक रेषा स्वच्छ उमटते, आणि बिजागरीचे सांधे पितळेचे असल्याने गंजत नाहीत. नव्या सुतारशाळेत पट्टीसोबत चांगला गुण्या हवाच. तो पारखायची रीत सोपी आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारावी, मग तो पालटून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसणारे अंतर गुण्यातील चुकीच्या दुप्पट असते.

दुसरी गरज टेबलाची. टेबल जड असावे आणि रंधा मारताना हलू नये. उभे राहून हात खाली सोडले की तळवा जिथे येतो, तेवढी उंची बहुतेकांना सोयीची पडते. टेबलाच्या कडेला बसवलेला शिकंजा लाकूड धरून ठेवतो, म्हणून दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.

तिसरी गरज रंध्याची. एडवर्ड प्रेस्टन यांनी 1825 मध्ये बर्मिंगहॅममध्ये रंधे बनवायला सुरुवात केली. पुढे ‘एडवर्ड प्रेस्टन अँड सन्स’ हे नाव पट्ट्या, पाणसळ आणि लोखंडी रंध्यांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांचा तीन कामांचा छोटा रंधा घरच्या सुतारासाठी विशेष उपयोगी आहे. लांब नाक लावले की तो सांध्याचा खांदा साफ करतो. आखूड नाक लावले की अडलेल्या कोपऱ्याजवळ पोहोचतो. नाक काढून टाकले की पाते थेट पुढे येते आणि पटाशीसारखे कोपऱ्याच्या टोकापर्यंत छिलका काढते. 1932 मध्ये कंपनी रेबोनकडे गेली. रंध्यांच्या रचना शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने घेतल्या आणि या रंध्याला 311 हा क्रमांक दिला. अर्थात, पात्याला धार नसेल तर उत्तम रंधाही लाकूड कापण्याऐवजी फाडतो. म्हणून धार लावायचा दगड ही चैन नव्हे, पहिल्याच खरेदीतली वस्तू आहे.

चौथी गरज स्क्रूची. जुन्या लाकडी स्क्रूचे टोक बोथट असे, त्यामुळे त्याला आधी गिरमिटाने पूर्ण छिद्र पाडावे लागे. अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी 1846 मध्ये टोकदार स्क्रूचे पेटंट घेतले. ते यंत्राने बनवण्याचे हक्क घेऊन नेटलफोल्ड आणि चेंबरलेन या घराण्यांनी 1854 मध्ये शहराला लागून असलेल्या स्मेथिकमध्ये मोठा कारखाना उभारला. पुढे शहराचे महापौर झालेले जोसेफ चेंबरलेन त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, वडिलांच्या भांडवलाची देखरेख करायला बर्मिंगहॅमला आले. 1902 मध्ये हा व्यवसाय ‘गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स’ या नावाखाली आला.

टोकदार स्क्रूलाही वाट करून द्यावी लागते. 8 नंबरच्या स्क्रूची जाडी सुमारे 4.2 मिलिमीटर असते. वरच्या फळीत 4.5 मिलिमीटरचे सैल छिद्र आणि खालच्या कठीण लाकडात सुमारे 3 मिलिमीटरचे छिद्र पाडले की फळ्या घट्ट ओढल्या जातात आणि लाकूड फुटत नाही. ओकच्या लाकडातील टॅनिनमुळे लोखंडाचे काळे डाग पडतात, म्हणून तेथे पितळी स्क्रू वापरतात. पितळ मऊ असल्याने आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू बसवून काढायचा आणि त्या वाटेने पितळी फिरवायचा.

सुतारशाळा सुधारताना बर्मिंगहॅमच्या दमट हवेचा विचार आधी करावा लागतो. न तापवलेल्या गॅरेजमध्ये लाकडात हिवाळ्यात 15 ते 18 टक्के ओलावा राहतो. उबदार खोलीत तो 8 ते 12 टक्क्यांवर उतरतो. म्हणून कपाटाची फळी काही आठवडे घरात ठेवून मगच जोडावी, नाहीतर ती आकसून सांधे उघडतात. गंज टाळायला अवजारांना तेलाचा हलका हात द्यावा.

बारीक भुसा फुप्फुसांना घातक असतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 3 मिलिग्रॅम आहे. घरी ती मोजली जात नसली, तरी धूळ उगमापाशीच शोषून घेणे आणि तोंडावर मास्क लावणे हाच सुरक्षित मार्ग. शेजाऱ्याच्या घराला जोडून असलेल्या भिंतींमुळे गोंगाटाची यंत्रे दिवसाच चालवावी लागतात. हातअवजारांना तसे बंधन नसते.

पैसे खर्चण्याचा योग्य क्रमही यातून ठरतो: आधी माप, टेबल आणि धार, मग प्रकाश आणि हवा, शेवटी यंत्रे. जुने अवजार घेताना रंध्याचा तळ सपाट आहे का, त्याला तडा गेला आहे का आणि पाते किती उरले आहे, हे पाहावे. गंज घासून काढता येतो, पण तुटलेले बीड घरी सांधणे अवघड. नीट पारखून घेतलेला जुना रंधा धार लावून आजही नव्याइतकेच चोख काम देतो.