पांढरा ठिपका रात्री कुठे जातो?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला क्लाऊनफिश एके दिवशी खडकाला अंग घासू लागतो. जवळून पाहिलं तर परांवर आणि शेपटीवर बारीक पांढरे ठिपके दिसतात, मिठाचे दाणे चिकटल्यासारखे. चार-सहा दिवसांत ते आपोआप जातात. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. मग आठवड्याभरात टाकीतले सगळेच मासे ठिपक्यांनी भरतात.

मधल्या त्या शांत दिवसांत जे घडतं ते थक्क करणारं आहे. ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय जीव. माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तो तिथल्या पेशी खातो. सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तर तो सावकाश गरगर फिरताना दिसतो. 3 ते 7 दिवसांत पोट भरलं की मासा सोडून तळाशी उतरतो, वाळूवर सरपटतो आणि स्वतःभोवती कवच करून बसतो. आत त्याचे भाग पडत जातात, आणि एका कवचातून सुमारे 200 पिल्लं बाहेर पडतात. दीड-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

हे सगळं चालतं अंधारात. इंग्लंडमधल्या प्लिमथला बर्जेस आणि मॅथ्यूज या संशोधकांनी 1990च्या दशकात बोय माशाच्या तिकडच्या एका भाऊबंदावर हा जीव वाढवून अभ्यास केला. मासा सोडणं आणि कवच फोडणं, दोन्ही प्रामुख्याने काळोखाच्या वेळी होतं, असं त्यांना आढळलं. रात्री मासा एका जागी विसावतो, नेमका तेव्हाच शिकारी बाहेर पडतो.

आता दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या समुद्राकडे बघा. हा जीव उष्ण समुद्रांत सर्वत्र आढळतो, पण मोकळ्या पाण्यात त्याने माशांचा फडशा पाडल्याचं क्वचितच दिसतं. ठिपका जिथे गळून पडला तिथून मासा कधीच पुढे गेलेला असतो. भरती-ओहोटी पाणी हलवत राहते, आणि 200 पिल्लांतली बहुतेक उपाशी मरतात. 200 लिटरच्या काचेच्या टाकीत मात्र माशाला जायला जागाच नसते.

म्हणजे खरा उपाय माशाला त्याच्या जागेपासून तोडणं हा आहे. इस्रायलमधल्या एलात इथले संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी 1987 साली नेमकं हेच मांडलं. मासा दर 3 दिवसांनी आधी कोरडी करून घेतलेल्या, स्वच्छ पाण्याच्या टाकीत हलवायचा, असं 4 वेळा. गळून पडलेले ठिपके मागच्या टाकीत राहतात, तिथे कवच फुटेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो. थेंबभर औषध न घालता मासा बरा होतो. मला हा उपाय सर्वांत सुंदर वाटतो, कारण मोकळा समुद्र जे करतो तेच तो बादली आणि जाळीने करतो.

दुसरा उपाय तांब्याचा. लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, म्हणजे 100 लिटरला फार तर 20 मिलिग्रॅम. कातडीतल्या ठिपक्याला किंवा कवचाला ते काही करत नाही, फक्त पोहणारी पिल्लं मारतं. म्हणून निदान 3 आठवडे मात्रा तशीच ठेवावी लागते. ती कमी पडली तर उपयोग नाही, वाढली तर मासाच जातो, तेव्हा चाचणी रोज हवी. हे तांबं प्रवाळ, कोळंबी, शिंपले यांचा जीव घेतं, आणि खडक-वाळू ते शोषून घेतात. त्यामुळे ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. खडक-वाळू नसलेली वेगळी टाकी, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बस.

तिसरा उपाय पाणी कमी खारट करण्याचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि कल्ल्यांतल्या पेशींनी जास्तीचं मीठ बाहेर फेकतो. क्षार हळूहळू 15-16 ग्रॅमवर आणले तर त्याचा हा भार हलका होतो, आणि त्या जीवाचं कवच मात्र टिकत नाही. पावसाळ्यात दाभोळच्या खाडीत वाशिष्ठीचं गोडं पाणी उतरतं तेव्हा क्षार असेच घसरतात. प्रवाळांना हे सोसत नाही, म्हणून हाही उपाय वेगळ्याच टाकीत.

मग मुख्य टाकीचं काय? ती माशांविना चालू ठेवायची. कवच फुटायला 72 दिवस लागल्याचीही नोंद आहे, म्हणून अनुभवी पाळणारे 76 दिवस थांबतात. प्रवाळ आणि कोळंबी तिथेच राहतात. त्यांना हा जीव लागत नाही.

एक सांगायलाच हवं. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून टाकी सजवू नका. कठीण प्रवाळांना 2001पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

आणि नवा मासा घ्यायचा विचार असेल तर आधी दुसरी, रिकामी टाकी घ्या. महिनाभर तो मासा तिथेच ठेवा, रोज परांवर नजर टाका. ठिपका दिसला तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या जाणकाराला विचारा.