कांडीला हात दिसत नाही

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या ताईला, पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात अधू झाला. घरी आल्यावर तेच ते व्यायाम करायचा तिला कंटाळा येई. म्हणून तिच्या मुलाने कपाटात धूळ खात पडलेला निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा खेळसंच बाहेर काढला, टीव्हीला जोडला, पांढरी कांडी ताईच्या मनगटाला दोरीने अडकवली आणि टेनिस सुरू करून दिले. ताई खुर्चीत बसून खेळू लागली. चार दिवसांत जिंकूही लागली. घरात आनंदीआनंद झाला.

पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी थोडा वेळ खेळ पाहिला, मग ताईचे दोन्ही खांदे खुर्चीच्या पाठीला हलकेच टेकवून धरले आणि म्हणाल्या, “आता मारा बघू.” पडद्यावरची रॅकेट हललीच नाही. इतके दिवस ताई हात हलवतच नव्हती. धड पुढे झोकून ती कांडीला हिसका देत होती. हात कोपरात दुमडलेला तो दुमडलेलाच. यंत्राने मात्र तिला विजयी ठरवले होते.

यंत्र फसले कसे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी अभियंता नाही; जे कळले ते वाचून आणि घरी खटपट करून. ते इथे मांडतो.

‘वी’ २००६ साली बाजारात आला. तोवर व्हिडिओ गेम म्हणजे दोन अंगठ्यांनी बटणे दाबणे. इथे हातवारे हेच बटण झाले. आजी-आजोबाही खेळू लागले आणि पुढे या संचाची विक्री १० कोटींवर गेली. लोक इतक्या आवेशाने हात फिरवत की मनगटाची दोरी तुटून कांड्या भिरकावल्या जाऊ लागल्या. त्याच डिसेंबरात कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून अधिक जाड दोऱ्या देऊ केल्या.

टीव्हीजवळ ठेवायची एक काळी पट्टी संचाबरोबर येते. तिचे नाव ‘सेन्सर बार’. भाच्याचा समज असा की ही पट्टीच खेळणाऱ्याला पाहते. मी तिच्यावर टॉवेल टाकला. टेनिस बिनघोर चालू राहिले. यादीतून खेळ निवडायचा पडद्यावरचा बाण तेवढा नाहीसा झाला. मग पट्टी काढून तिच्या जागी वीतभर अंतराने दोन पणत्या लावल्या आणि जवळ बसलो. बाण पडद्यावर हजर! म्हणजे नाव सेन्सरचे असले तरी पट्टीला काहीच जाणवत नाही. तिच्या दोन्ही टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे आहेत, इतकेच. कॅमेरा आहे तो कांडीच्या टोकाला. दोन दिवे कुठे दिसतात यावरून कांडीचा रोख ठरतो. पणतीच्या ज्योतीतही अवरक्त किरण असतात, म्हणून तिला पणत्याही चालल्या.

मग टेनिसचा फटका कशाने कळतो? कांडीच्या पोटात त्वरणमापक आहे. सिलिकॉनच्या कणभर तुकड्यात कोरलेल्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर एक इवलेसे वजन टांगलेले असते. हिसका बसला की ते जरासे मागे राहते आणि त्या सरकण्यातून विजेचा संकेत मिळतो. याच जातीचे मापक १९९०च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी वापरात आले. गाडी आदळली एवढेच त्यांनी ओळखायचे होते.

त्वरणमापकाची स्थिती डोळे मिटून एसटीत बसलेल्या प्रवाशासारखी असते. ब्रेक लागला की अंग पुढे जाते, वळण आले की शेजाऱ्यावर कलते. हे सगळे त्याला कळते. पण गाडी एकसारख्या वेगाने सरळ चालली असेल तर काहीच जाणवत नाही, आणि कोणते गाव आले हे तर डोळे उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

हिसक्यांची बेरीज करत गेले तर वेग निघतो आणि वेगाची बेरीज केली तर अंतर, हे खरे. पण बारीकशी चूकही या दुहेरी बेरजेत फुगत जाते. मापनात गुरुत्वाकर्षणाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी चूक राहिली, तर एका सेकंदात जागा ५ सेंटिमीटरने चुकते आणि १० सेकंदांत तब्बल ५ मीटरने. शिवाय स्थिर कांडीलाही गुरुत्वाकर्षणाचा भार जाणवत असतो. हा भार कोणता आणि हाताचा हिसका कोणता, हे तिला एकट्याने वेगळे करता येत नाही. खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा आइन्स्टाइनला १९०७ साली सुचलेला विचार याच अडचणीच्या मुळाशी आहे.

२००९ साली कांडीला फिरण्याचा वेग मोजणारे जायरोस्कोप जोडता येऊ लागले. त्यामुळे मनगटाची वळणे नीट कळू लागली. तरी कांडी धरणारा हात कोपरात सरळ झाला की नाही, हे कळत नव्हतेच. २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘कायनेक्ट’ने उलटी वाट धरली. हातात काहीच द्यायचे नाही. खोलीभर अवरक्त ठिपके पसरायचे, कॅमेऱ्याने त्यांवरून अंतरे मोजायची आणि शरीराच्या सांध्यांचा अंदाज बांधायचा. धड पुढे झुकले की हात लांब झाला, हा फरक ओळखायचा तर असा बाहेरून पाहणारा डोळा हवा. पण ‘कायनेक्ट’चे उत्पादन २०१७ साली बंद झाले.

अशा खेळांनी हात खरोखर सुधारतो का? कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने चार देशांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. नुकताच पक्षाघात झालेले १४१ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या उपचारांखेरीज निम्म्यांना ‘वी’ दिला आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. सुधारणा दोन्ही गटांत झाली; ‘वी’चा गट पुढे गेला नाही. याचा अर्थ ‘वी’ निरुपयोगी, असा मी घेत नाही. पण गुणफलकावरचा आकडा आणि हाताची सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ताईकडे पाहून कळले होते.

यंत्र ताईशी खोटे बोलले नव्हते. हिसका बसला, एवढेच त्याने सांगितले; ‘हात हलला’ असा अर्थ लावला तो आम्ही.

बाईंनी संच बंद करायला सांगितले नाही. एक जुनी ओढणी मागून घेतली आणि ताईचे धड खुर्चीच्या पाठीशी सैलसर बांधले. त्या दिवसापासून ताई रोज हरू लागली. भाचा हिरमुसला. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिचा कोपर चार बोटे उघडला. पडद्यावर काहीच झाले नाही, कारण हालचाल फार संथ होती. बाईंनी मात्र वहीत तारीख घालून ती नोंद केली.