आईच्या खांद्याचे अंश

आमच्या इंदूरच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. पाहुण्यांना वाटतं, आम्ही मुलीची उंची मोजतो. खुणा आईच्या आहेत. उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत ती कुठवर पोचली, त्याच्या.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास तिचा उजवा खांदा दुखायला लागला. तिला मधुमेह आहे, म्हणून सगळ्यांनी घरातच 'फ्रोझन शोल्डर' ठरवून टाकलं. मीही मोबाइलवर चार ओळी वाचून मान डोलावली. तेलाने मालीश, शेक, दुखण्याच्या गोळ्या. यात सहा दिवस गेले. ताप नव्हता, नुसती कणकण. सातव्या दिवशी बाबांनी हात जरा हलवला तर ती किंचाळली. हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात सुई घातली आणि आत पू निघाला. त्याच रात्री दुर्बिणीतून सांधा धुऊन काढला.

ते सहा दिवस मला अजून टोचतात. फ्रोझन शोल्डर आठवड्या-महिन्यांनी हळूहळू आखडतो; सांध्यातला जंतुसंसर्ग काही दिवसांतच हात जखडतो. वयस्क, मधुमेही माणसाला ताप येईलच असंही नाही. आणि सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पुवाने ती एकदा खराब झाली की नीट भरून येत नाही. तेव्हा घरात कुणाचा एखादा सांधा अचानक दुखायला लागला, गरम लागला, हलवता येईना, तर मालीश करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढे सहा आठवडे अँटिबायोटिक, आधी शिरेतून, मग गोळ्या. रक्तातला सीआरपी नॉर्मल आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. रिपोर्ट बरा होणं आणि हात बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, आम्ही पेढ्यांत होतो.

निरोगी हात समोरून वर जवळजवळ १८० अंश जातो. आईचा तेव्हा ५० वर अडकायचा. सांध्याभोवतीचं आवरण चिकटलेलं, स्नायू वाळलेले. मग रोजचा दिनक्रम: टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लंबकासारखा सोडून गोल फिरवायचा, दारावरच्या कप्पीची दोरी ओढायची, भिंतीवर बोटं चढवायची. मी इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट आलीच. पहिल्या वर्षी आलेख छान चढला, ११० पर्यंत. पुढच्या दोन वर्षांत जेमतेम दहा अंश. मी शीट दाखवून "अजून थोडं" म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "अरे, तुला अंश दिसतात. मला अंबाडा घालता येत नाही, ते बघ."

खरंच. अंबाड्याला हात नुसता वर जाऊन भागत नाही, बाहेरच्या बाजूला वळावाही लागतो, आणि ते वळणंच तिचं सर्वांत कमी परत आलंय. पोळ्या लाटते, रांगोळी काढते, स्कूटर मात्र सुटली. पाठीमागे हात जात नाही, म्हणून ब्लाउजची हुकं पुढे आली. अंबाडा बाबा घालतात. सुरुवातीला तो दहा मिनिटांत सुटायचा. आता हळदीकुंकवाला बायका विचारतात, कुणी घातला म्हणून.

शीट मी बंद केली. सुताराला बोलावून मसाल्याच्या डब्यांची फळी तिच्या खांद्याच्या खाली आणली. मोदकपात्र अजून वरच्या फळीवरच आहे, ते मी काढून देतो.