लेखांक ६ : मिरजेचं मिशन, साताऱ्याचा दरबार

मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलला आसपासच्या खेड्यांतली जुनी माणसं नुसतं ‘मिशन’ म्हणतात. ‘आईला मिशनमध्ये दाखवलं’ एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाठवणं’. मग कुणी, कुणाला आणि कशासाठी पाठवलं?

ख्रिस्ती लोक उत्तरादाखल मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट दाखवतात, अध्याय 28, ओव्या 19 आणि 20. पुनरुत्थित येशू गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना अखेरची आज्ञा देतो : जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. ती फक्त त्या अकरांपुरती होती, असं पुष्कळांना वाटत होतं. विल्यम कॅरी या इंग्रज चांभारानं 1792 मध्ये पुस्तिका लिहून ठणकावलं की ती आजही लागू आहे. पुढं त्याच कॅरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत निघालं.

या आज्ञेचं व्याकरण बारकाईनं पाहण्यासारखं आहे. भाषांतरात ‘जा’ हा शब्द आधी कानावर येतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं ही तिन्ही धातुसाधितं त्याला जोडलेली आहेत. म्हणजे भर प्रवासावर नाही, माणूस घडवण्यावर आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायात आणखी एक पाठवणी आहे. गावोगाव निघालेल्या शिष्यांना येशू सांगतो, तिथल्या आजाऱ्यांना बरं करा आणि देवाचं राज्य जवळ आल्याचं त्यांना कळवा. डॉ. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 मध्ये इकडे आला, तोही अशाच पाठवणीवर. 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळा. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्याचं नाव मिळालं ते तिथल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळं. शस्त्रक्रिया हे आमिष नव्हतं. ती सुवार्तेचाच भाग आहे, ही वैद्यकीय मिशनची भूमिका लूकच्या त्या वाक्यात घट्ट रुजलेली आहे.

साताऱ्यात मत्तयातली ती आज्ञा एका मराठी कवीनं वेगळी वाचली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथं जागा होती.

त्या काळी हे धाडस होतं, आणि आक्षेपही पोकळ म्हणता येत नाही. बाप्तिस्मा त्याच ओवीत आहे, तो वगळायचा कसा? तरी मुख्य क्रियापद पाहिलं की टिळकांचा आग्रह उमगतो. शिष्यत्व आधी, मंडळीचं दफ्तर नंतर. इथल्या माणसाला आपली भाषा, आपलं कीर्तन, आपला अभंग घेऊन येशूमागं चालता यावं, ही त्यांची तळमळ होती. येशूची आज्ञा परदेशी साहेबांपुरती न ठेवता मराठी माणसानं आपल्या खांद्यावर घेणं, हे मोठं काम त्यांनी सुरू केलं.

दरबाराला वेळ फार थोडा मिळाला. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं काव्य अपुरंच राहिलं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.