ट्रॅक्टरवरचा टेप बंद का पडतो?



ट्रॅक्टरवरचा रेडिओ किंवा टेप मुका झाला, की बहुतेक वेळा दोष टेपमध्ये नसतो. वीज पोचवणाऱ्या वायरीत असतो. दुरुस्तीला देण्याआधी पुढील क्रमाने पाहावे. १२ व्होल्टचा बल्ब व दोन वायरी असा टेस्ट लॅम्प जवळ ठेवावा. मीटर असेल तर उत्तमच.

१. बॅटरी : इंजिन बंद करून काही तासांनी मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास पट्टा ढिला आहे का ते बघावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढला असेल तर आधी ऋण केबल सोडावी, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. जोडताना ऋण केबल शेवटी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी ओढू नये.

२. फ्यूज : जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी सोललेली वायर पत्र्याला लागते आहे, ती शोधावी. फ्यूजच्या जागी तांब्याची तार मुळीच घालू नये. फ्यूज वाचेल, पण वायर पेटेल आणि तिच्यामागून ट्रॅक्टर.

३. लाल व पिवळी वायर : बहुतेक टेपला पिवळ्या वायरीतून कायम वीज लागते, लालमधून फक्त चावी फिरवल्यावर. टेस्ट लॅम्पचे एक टोक लोखंडाला लावून दुसऱ्याने दोन्ही तपासाव्यात. पिवळीत वीज नसेल तर टेप स्टेशने विसरतो. दोन्ही एकत्र पिळल्या असतील तर चावी काढूनही टेप चालू राहतो. तो ३ अँपिअर ओढत असेल, तर १० तासांत ३० अँपिअर-तास गेले. जुन्या बॅटरीला एवढे पुरे. सकाळी रानात वापसा असतो आणि सेल्फ काही फिरत नाही!

४. अर्थिंग : काळी वायर रंगावर बसवली असेल तर रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्टने आवळावी. आवाज वाढवला की टेप बंद पडतो, इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी वाजते, याचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

ध्यानात ठेवा : वायरीला हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून ऋण केबल सोडावी, तपासण्यापुरतीच ती परत जोडावी.